आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) बसची बॉडी घरी बनवायची आहे : कोणती प्लास्टिक शीट घ्यावी?

धागाकर्ता :
१:१४ मापाच्या आरसी ट्रकच्या चासीवर एसटीच्या लालपरीची बॉडी बसवायचा माझा विचार आहे. खऱ्या बसची रुंदी अडीच मीटरच्या आसपास धरली, तर मॉडेल साधारण १८ सेंमी रुंद होईल. दुकानात हाय इम्पॅक्ट स्टायरीन, एबीएस, पॉलिकार्बोनेट, ॲक्रिलिक आणि सनबोर्ड (फोमसारखी सच्छिद्र पीव्हीसी शीट) असे पर्याय सांगितले जातात. त्यांपैकी काय घ्यावे आणि किती जाडीचे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. तूर्त माझा कल सनबोर्डकडे आहे, कारण तो हलका आहे आणि साइनबोर्डवाल्यांकडे सहज मिळतो.

प्रतिसाद १ :
सनबोर्ड हलका असतो हे खरे, पण तो हिशोब जाडीसह करून पाहावा. ३ मिमी सनबोर्डचे वजन चौरस मीटरला दीड ते पावणेदोन किलो भरते आणि १.५ मिमी स्टायरीनचेही सुमारे १.६ किलोच भरते. म्हणजे वजनात फारसे काही वाचत नाही, उलट खिडक्यांच्या बारीक चौकटी जाड दिसतात आणि कापलेल्या कडेला फोमची छिद्रे उघडी पडतात, ती पुटीने भरून घासत बसावी लागतात. तुमच्या बससाठी मी निःशंकपणे स्टायरीन सुचवेन : बाजू आणि छताला १.५ मिमी, आतल्या आडव्या-उभ्या फासळ्यांना २ मिमी आणि पत्र्याच्या पट्ट्या दाखवण्यासाठी ०.५ मिमी. स्टायरीनवर पट्टी धरून कटरने दोन-तीनदा रेघ ओढावी आणि रेघेची बाजू बाहेर राहील असे वाकवावे, म्हणजे तुकडा सरळ तुटतो. पूर्ण आरपार कापण्याची गरज नसते. छताची गोलाई एकाच जाड शीटला जबरदस्तीने वाकवून साधू नये. फासळ्यांवर ०.५ मिमीचे दोन थर एकावर एक चिकटवल्यास आकार टिकून राहतो. मात्र दोन मोठ्या शीट एकमेकींवर चिकटवताना आतल्या शीटला जागोजागी छिद्रे पाडावीत, कारण अडकलेल्या द्रावकाची (प्लास्टिक किंचित विरघळवून जोडणाऱ्या द्रवाची) वाफ बाहेर पडली नाही तर पृष्ठभाग काही दिवसांनी फुगतो किंवा वाकडा होतो.

प्रतिसाद २ :
वरील सल्ल्याशी सहमत आहे, फक्त पुढचा बंपर, चाकांवरच्या कमानी आणि बॉडी चासीला धरून ठेवणारे भाग एबीएसचे करावेत. धक्का बसल्यावर एबीएस स्टायरीनपेक्षा चांगले तग धरते आणि दोन्हींना एकाच द्रावकाने जोडता येते. ॲक्रिलिकच्या दुकानात सर्रास मिळणाऱ्या क्लोरोफॉर्मने हे सांधे घट्ट बसतात, पण त्याची वाफ यकृताला घातक असल्याने बंद खोलीत ते वापरूच नये, हे मी आग्रहाने सांगतो. दुसरे म्हणजे, दुकानदाराने दिलेली शीट खरोखर काय आहे याची खात्री करावी. तिचा एक तुकडा पाण्यात टाकावा. पॉलिप्रॉपिलीन तरंगते आणि त्याला कोणतेही द्रावक धड चिकटवत नाही, तर स्टायरीन व एबीएस तळाशी जातात. बुडालेला तुकडा वाकवताना स्टायरीन घडीवर पांढरे पडते आणि ॲक्रिलिक कटकन मोडते.

धागाकर्ता :
मनापासून आभार. मग पॉलिकार्बोनेट कुठेच उपयोगी नाही का? शर्यतीच्या गाड्यांच्या बॉडी तर त्याच्याच असतात.

प्रतिसाद १ :
त्या बॉडी पातळ शीट तापवून साच्यावर ओढलेल्या असतात आणि त्यांना रंग आतून दिलेला असतो; सपाट तुकडे जोडून केलेल्या बसशी त्या पद्धतीचा संबंध नाही. तुमच्याकडे पॉलिकार्बोनेटची जागा खिडक्यांत आहे : ०.७५ मिमीची पारदर्शक शीट घ्यावी, रंगकाम पूर्ण झाल्यावर ती आतून दुहेरी टेपने बसवावी आणि तिच्याजवळ ॲसिटोन मुळीच नेऊ नये, कारण त्याने पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. समोरची काच मोठी असते, तिच्यासाठी आधी जाड कागदाचा नमुना कापून बसवून पाहावा.