पुरात गाव रिकामं असताना घरं फोडली, तर कलम कोणतं लागतं?

सीनाकाठ_परंडा
पाणी वाढलं की आमच्याकडं वस्ती उचलून झेडपीच्या शाळेत नेतात. दोन-तीन दिवस घरं वाऱ्यावर. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर एकच ओरड होती, पाण्यानं ठेवलं ते माणसांनी नेलं : सोयाबीनची पोती, शेळ्या, पाणी उपसायच्या मोटारी, केबल. व्हॉट्सॲपवर फिरतंय की आपत्तीत लुटणाऱ्याला दिसताक्षणी गोळी घालायचा कायदा आहे. खरंच असा वेगळा कायदा आहे का? फिर्यादीत काय लिहावं म्हणजे ती टिकेल? आणि गावातल्या पोरांनी कुणाला धरलं तर पुढं काय?

कोर्टकचेरी_लातूर
तो मेसेज डिलीट करा. असा कायदा नाही. आपत्तीत चोरी केली एवढ्यावरून शिक्षा वाढवणारं कलमही भारतीय न्याय संहितेत नाही. माल कुठून नेला आणि कसा नेला, यावर सगळं ठरतं.

उघड्या शेतातून मोटार नेली तर ३०३(२), तीन वर्षांपर्यंत. तीच मोटार घरातून किंवा अवजारांच्या खोलीतून नेली तर ३०५, सात वर्षांपर्यंत. राहतं घर आणि माल ठेवायची इमारत दोन्ही त्यात येतात. फरक नुसत्या शिक्षेचा नाही. तीन वर्षं ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलीस डीवायएसपींच्या (उपअधीक्षकांच्या) परवानगीनं १४ दिवस प्राथमिक चौकशी करू शकतात (नागरिक सुरक्षा संहिता, १७३(३)). ३०५ ला ती पळवाट नाही. १४ दिवसांत तांब्याची केबल भंगारात जाऊन वितळलेली असते.

म्हणून 'घरातून सामान गेलं' एवढ्यावर थांबू नका. 'राहतं घर, प्रशासनाच्या सूचनेवरून अमुक तारखेला सोडलं, अमुक तारखेला परतलो, कोयंडा उचकटलेला दिसला' असं लिहून घ्या. कुलूप-कोयंडा तोडला असेल तर ३३१ जोडायला सांगा. उघड्यावरच्या चोरीत एका घटनेतला सगळा माल एकाच फिर्यादीत घ्या, कारण पहिलाच गुन्हा आणि किंमत ५,००० च्या खाली असली की प्रकरण एनसीवर (अदखलपात्र नोंदीवर) जातं.

पाच जण होते म्हणून दरोडा होत नाही. मारहाण, धमकी किंवा अडवून ठेवणं असेल आणि माणसं पाच किंवा जास्त असतील, तरच ३१०. तिथं जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

निवारा दुसऱ्या तालुक्यात असला तर तिथल्याच ठाण्यात झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवलेली फिर्याद, होते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची.

पोरांनी धरलं तर : डोळ्यांसमोर दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कुणीही पकडू शकतो (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४०), पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. ११२ नंबरला फोन लावा. खांबाला बांधून ठोकला की चोर फिर्यादी होतो आणि पोरं आरोपी.

सीनाकाठ_परंडा
वाहत आलेलं भांडं, पोतं कुणी उचललं तर?

कोर्टकचेरी_लातूर
मालकाला द्यायचं म्हणून सांभाळलं तर गुन्हा नाही. मालक माहीत असून किंवा शोधायची खटपट न करता दाबलं तर ३१४ : सहा महिने ते दोन वर्षं आणि दंड. सरपंचाला किंवा पोलीस पाटलाला त्याच दिवशी सांगावं.
मृताच्या अंगावरचं सोनं काढणं वेगळं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्याला जुन्या भारतीय दंड विधानाचं (भादंवि) ४०४ होतं, आता ३१५, तीन वर्षांपर्यंत.

पंचनामा_बीड
दोन पंचनाम्यांची सरमिसळ करू नका. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक करतात तो पुराच्या नुकसानीचा. चोरीचा पोलीस करतात. चोरलेली शेळी 'वाहून गेली' म्हणून लिहून द्यायचा मोह होतो, कारण मदत मिळते. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ५२ : खोट्या दाव्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. शिवाय ती शेळी उद्या बाजारात सापडली, तर तुमचीच सही तुमच्या आड येणार.

ओळख आधीच करून ठेवा. जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर वहीत हवा. मोटारीची नेमप्लेट चोर आधी काढतो, म्हणून बॉडीवरच छिन्नीनं खूण ठोका आणि फोटो मेल करून ठेवा; पाण्यात गेलेल्या मोबाइलमधला फोटो काय कामाचा?

घराची 'भारत गृह रक्षा' पॉलिसी असेल तर पुरामुळे झालेली चोरी सात दिवसांच्या आतली असली तरच धरतात, घराबाहेरच्या वस्तू नाहीत. परतल्या परतल्या एफआयआर आणि कंपनीला कळवणं, दोन्ही त्याच दिवशी. जुन्या फायर पॉलिसीत अशी चोरी सरळ वगळलेली असायची, तेव्हा कागद वाचून घ्या.

गोदाकाठ_परभणी
एक राहिलं. मदतीची किटं, ताडपत्र्या मधेच जिरतात, त्याला याच आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ५३ : दोन वर्षांपर्यंत. पण या कायद्याखाली प्राधिकरण किंवा शासन स्वतः कोर्टात गेलं नाही, तर सामान्य माणसाला आधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते (कलम ६०). ती जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला द्या आणि पोच घ्या. माल ज्याच्या ताब्यात दिला होता त्यानंच हडपला असेल, तर न्याय संहितेचं ३१६ स्वतंत्र लागतं, त्याला ही नोटीस लागत नाही. ट्रकमधून किती किटं उतरली ते उतरवतानाच मोजून दोघांच्या सह्या घ्या. वाटप झाल्यावर मोजणी कुणालाच जमत नाही.