एक चित्रपट सांगा, आणि तो बघायचा कसा तेही सांगा

बडोद्यातल्या मराठी सिनेमावेड्यांना विनंती: नुसतं "अप्रतिम, चुकवू नका" नको. जुना किंवा आडवाटेचा एक चित्रपट सांगा, आणि घरी बघताना काय सांभाळायचं, लक्ष कुठे ठेवायचं तेही लिहा. आलेली उत्तरं खाली, लिहिणाऱ्याच्या भागाच्या नावाने.

दांडिया बाजार
सुरुवात दादासाहेब फाळक्यांपासूनच हवी. ते आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. 'कालिया मर्दन' (1919) बघा. कृष्ण झाली आहे त्यांची मुलगी मंदाकिनी. आरंभी ती साध्या रूपात नुसत्या चेहऱ्याने एकेक भाव दाखवते आणि मग कृष्ण होते. सगळा चित्रपट त्या चेहऱ्यावर उभा आहे.

अडचण वेगाची. मूकपट हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर साधारण सेकंदाला 16 ते 18 चौकटींनी (फ्रेम) घेतलेले. ते 24 ने चालवले की माणसं तुरुतुरु पळतात आणि बघणारे नको तिथे हसतात. प्लेअरमध्ये वेग 0.75 करा, म्हणजे 18 होतात. मागाहून जोडलेलं संगीत रेंगाळेल, म्हणून आवाज बंद. काही प्रतींचा वेग मात्र आधीच सुधारलेला असतो. कुणी चालत जातंय असं दृश्य काढून पाहा. पाऊल तरंगत पडत असेल तर वेग परत 1 वर आणा.

मांजलपूर
'संत तुकाराम' (1936). विष्णुपंत पागनीस अभिनय करताहेत असं कुठेच वाटत नाही, ते अभंग जगतात. पण टीव्हीवर त्यांची दैना होते. त्या काळची चौकट जवळजवळ चौकोनी, 1.37 ला 1. आपला टीव्ही 16:9. "पडदा भरत नाही" म्हणून झूम केलं की उंचीचा 23 टक्के भाग जातो, वरून डोकं आणि खालून पाय. ताणलं तर चेहरे फुगतात. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या असू द्या, आणि हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग आठवणीने बंद करा.

अलकापुरी
'सामना'. टीव्हीचं चित्र 'व्हिविड' या भडक मोडवर असेल तर कृष्णधवल चेहरे निळसर पडतात. 'सिनेमा' किंवा 'वॉर्म' ठेवा. डॉ. लागू बोलत असताना निळू फुल्यांकडे बघा. ऐकणं किती धारदार असू शकतं ते तिथे कळतं.

राजमहाल रोड
'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (1957), 96 मिनिटं, बहुतेक सगळं एकाच खोलीत. तरी गुदमरायला का होतं? सिडनी लुमेटने पहिला तिसरा हिस्सा कॅमेरा डोळ्यांच्या वर ठेवून घेतला, मधला डोळ्यांच्या रेषेत, शेवटचा खालून. त्यामुळे छत दिसू लागतं. जोडीला लेन्स लांब लांब पल्ल्याच्या होत जातात आणि भिंती जवळ येतात. दहाव्या आणि ऐंशीव्या मिनिटाला थांबवून दोन्ही चौकटी ताडून पाहा. शेवटी बाहेर पडल्यावर रुंद कोनाची लेन्स येते आणि छाती मोकळी होते.

कारेलीबाग
आपल्याला गुजराती कळतं, मग केतन मेहतांचा 'भवनी भवाई' (1980) न बघणं हे नुकसानच. नसीरुद्दीन, स्मिता पाटील, ओम पुरी आणि आपले मोहन गोखले. बाज भवाईचा, म्हणजे गुजराती लोकनाट्याचा, तेव्हा पात्रं मध्येच प्रेक्षकांकडे वळणारच. तो ढिसाळपणा नव्हे. गोड शेवट आला म्हणून टीव्ही बंद करू नका. लगेच त्याच गोष्टीचा दुसरा, कडवट शेवट येतो, आणि चित्रपट खरा तिथेच आहे.

फतेगंज
राजमहाल रोडच्या दादांनी लेन्सचा विषय काढलाच आहे, तर मणी कौलांचा 'उसकी रोटी'. बसड्रायव्हर नवऱ्यासाठी जेवण घेऊन रस्त्यावर वाट बघणारी बायको, एवढंच. लोक अर्ध्यात सोडतात, कारण गोष्ट शोधत बसतात. कौलांनी दोनच लेन्स मुख्य धरल्या, 28 आणि 135 मिमी: एक घडणाऱ्यासाठी, दुसरी तिच्या मनातल्यासाठी. पुढे ही वाटणी मिसळत जाते. मागची झाडं स्पष्ट आहेत (28) की धूसर (135), एवढं बघत राहा. आणि मांजलपूरच्या काकूंचं झूमबद्दलचं सांगणं इथेही पाळा. फोनवर तर बघूच नका. धूसर-स्पष्टचा फरक तिथे दिसतच नाही.