मदत हवी आहे: आयसी १० चा रेडिओ वर्णपट खरंच इतका सपाट आहे का?

नमस्कार. मी परभणीत एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी शर्मिष्ठेतली आयसी १० ही बटू दीर्घिका घेतली आहे. ती साधारण २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे आपल्या शेजारचीच, आणि तिच्यात ताऱ्यांची निर्मिती जोरात चालू आहे. आमच्याकडे रेडिओ खगोलशास्त्राचं कुणी नाही, सर घनावस्था भौतिकीतले. म्हणून इथे विचारतेय.

दोन सर्वेक्षणांच्या तयार प्रतिमा उतरवून घेतल्या: खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं १५० मेगाहर्ट्झचं टीजीएसएस आणि अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीचं १.४ गिगाहर्ट्झचं एनव्हीएसएस. दोन्हींवर एकच चौकट आखून फ्लक्स (म्हणजे पोचणारं रेडिओ तेज) मोजला, तर उतार, म्हणजे वारंवारतेनुसार फ्लक्स बदलतो त्याचा घातांक, −०.३ च्या आसपास येतो. सुपरनोव्हाच्या अवशेषांत वेग मिळालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना जे सिंक्रोट्रॉन उत्सर्जन करतात, त्याचा उतार −०.७ ते −०.८ धरतात. तापलेल्या तरुण ताऱ्यांभोवतीच्या आयनीभूत वायूचं औष्णिक उत्सर्जन −०.१ इतकं सपाट असतं. म्हणजे इथे औष्णिक वाटा मोठा, असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पटतंही, कारण बटू दीर्घिकेचं गुरुत्व तोकडं. सुपरनोव्हांचे वारे सुटले की इलेक्ट्रॉन बाहेर निसटतात आणि सिंक्रोट्रॉन कमी पडतं.

पण मन मानत नाही. टीजीएसएसचा बीम, म्हणजे प्रतिमेत वेगळा दिसू शकणारा लहानात लहान ठिपका, २५ आर्कसेकंदांचा, एनव्हीएसएसचा ४५ चा. एनव्हीएसएसमध्ये आग्नेयेकडच्या ठळक गाठीभोवती फिकट पसारा दिसतो. टीजीएसएसमध्ये गाठ आहे, पसारा मात्र नॉइजमध्ये बुडालेला. तो फ्लक्स माझ्या बेरजेत आलाच नसेल, तर हा सपाटपणा दीर्घिकेचा नसून प्रतिमेचा आहे. हे ओळखायचं कसं?

दुसरं, १.४ गिगाहर्ट्झवरून तारानिर्मितीचा दर काढायचं सूत्र मोठ्या दीर्घिकांवर बेतलेलं आहे. एरिक बेल यांनी २००३ मध्ये मांडलं की लहान दीर्घिकांत रेडिओ कमी पडतो आणि धूळ कमी म्हणून अवरक्तही, त्यामुळे दोघांचं नातं वरवर टिकून राहतं. मग आयसी १० ला हे सूत्र लावावं का? हायड्रोजन-अल्फावरून (आयनीभूत हायड्रोजनच्या लाल प्रकाशावरून) ताडून बघावं, तर ही दीर्घिका आकाशगंगेच्या पट्ट्याआडच आहे, वाटेतली धूळ आडवी येते.

प्रतिसाद:
शंका रास्त आहे. आधी टीजीएसएसची प्रतिमा ४५ आर्कसेकंदांपर्यंत स्मूद, म्हणजे धूसर, करा. पसारा असेल तर वर येईल. आकडे 'प्रति बीम' असतात, म्हणून बेरीज करताना नव्या बीमच्या क्षेत्रफळाने भागायला विसरू नका, नवे लोक नेमके तिथेच अडकतात. मग प्रत्येक पिक्सेलचा उतार काढून नकाशा करा. फक्त दाट आयनीभूत ढगांवरच उतार सपाट दिसला, तर तिथे औष्णिक वाटा मोठा असू शकतो; उलटा (वारंवारतेबरोबर वाढणारा) दिसला, तर १५० मेगाहर्ट्झला तो वायू स्वतःचंच उत्सर्जन शोषतोय. पसाऱ्यातही सगळीकडे उतार तसाच सपाट असेल, तर फ्लक्स हरवलाय असं समजा. एकूण फ्लक्ससाठी जर्मनीतल्या एफेल्सबर्गच्या १०० मीटर डिशचे प्रसिद्ध आकडे घ्या, एकाच डिशमधून पसारा सुटत नाही. सूत्रातून आलेला दर सध्या किमान मर्यादा म्हणून लिहा. नकाशा झाला की इथेच टाका, बघतो.