बीट-बैठकीला लोक दुसऱ्यांदा का फिरकत नाहीत?

गल्लीकर:
वस्ती आणि पोलीस ठाणं यांच्यात बोलणं राहावं म्हणून बीटची, म्हणजे एका पोलिसाकडे सोपवलेल्या भागाची, महिन्याची बैठक ठरते. पहिल्या वेळी खुर्च्या कमी पडतात, तिसऱ्या वेळी आयोजकच उरतात. टिकवायचं कसं?

चौकीबाहेरचा:
पहिल्या बैठकीत भाषणं झाली की तिसरी ओस पडणारच. व्यासपीठ काढा, गोल बसा. एका वेळी एकच गल्ली, १५-२० माणसं, ४५ मिनिटं. बोलायचं ते बीट अंमलदाराने, म्हणजे त्या भागाच्या पोलिसाने. साहेब आलेच तर मागे बसावं. तीनच विषय घ्या, प्रत्येकापुढे काम कुणाचं आणि कधीपर्यंत ते वहीत लिहा. पुढची बैठक त्याच पानापासून सुरू करा. काम झालं नसेल तर कारण सांगा. 'बघतो'पेक्षा सरळ नकार परवडला.
आणि कुणा व्यक्तीविरुद्धची माहिती भर बैठकीत मागू नका. सांगणाऱ्यावर खबऱ्याचा शिक्का बसतो, मग त्या गल्लीतून कुणीच येत नाही.

पायीगस्त:
बैठकीवर फार भिस्त नको, रोजची गस्त कशी होते ते बघा. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये काही बीटमधली गाड्यांची नेहमीची गस्त बंद केली, काहींत दोन-तीन पट वाढवली. गुन्ह्यांत किंवा लोकांच्या भीतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तिथल्याच न्यूअर्क शहरात १९७८-७९ ला पायी गस्त तपासली: गुन्हे घटले नाहीत, पण रहिवाशांना सुरक्षित वाटू लागलं, पोलिसांबद्दलचं मतही सुधारलं. तेव्हा पोलिसाने पायी फिरायला हवं, आणि रोज तोच माणूस हवा. खरा घात बदलीत होतो. जुन्याने नव्याला निदान आठवडाभर सोबत फिरवून ओळखी करून द्याव्यात, नाहीतर सगळं पहिल्यापासून.

गल्लीकर:
मग व्हॉट्सॲप ग्रुप?

नोंदवही:
सूचनांपुरता, फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा ठेवा. खुल्या ग्रुपवर सुप्रभात आणि अफवांत कामाचा मेसेज बुडतो. तातडीचं असेल तर फोनच करा. 'संशयित फिरतोय' एवढ्याचा उपयोग शून्य, शिवाय एखाद्या निरपराध माणसाच्या मागे जमाव लागायचा. वेळ, जागा, तो नेमकं काय करत होता, कपडे, गाडीचा नंबर, गेला कुठल्या दिशेने, हे सांगा.
बैठकीला कधीच न येणाऱ्यांचं काय, हे मात्र कुणी विचारलं नाही. रात्रपाळीवाले, भाडेकरू, कॉलेजची पोरं. त्यांना बोलावून उपयोग नाही, त्यांच्या वेळेला त्यांच्या जागी जावं लागतं. ते केलं नाही तर चार बोलक्या माणसांची तक्रार म्हणजेच वस्तीचं मत होऊन बसतं, आणि सगळं वर्ष पार्किंगवर जातं.