मयताची चिठ्ठी: तुलनेला काय पाठवायचं, आणि नाव असलं की भारतीय न्याय संहितेचं कलम 108 (आत्महत्येस प्रवृत्त करणं) लागतंच का?

नवा_तपासी:
अकस्मात मृत्यूच्या (अ.मृ.) तपासात मयताच्या खोलीत वहीच्या पानावर मराठीत लिहिलेली चिठ्ठी मिळाली. घरचे म्हणतात अक्षर त्याचं नाही. नमुना अक्षर आता मिळणार नाही, मग दस्तऐवज परीक्षकाकडे काय पाठवायचं? चिठ्ठीत एकाचं नावही आहे.

अक्षरपारखी:
पानाबरोबर वहीही जप्त करा. फाटलेली कड जुळवता येते, शिवाय खालच्या कोऱ्या पानावर पेनाचा दाब उतरलेला असतो. तिरप्या प्रकाशात किंवा ईएसडीए (दाबाच्या खुणा दाखवणाऱ्या) यंत्रावर तो वाचता येतो. त्यावर कुणी पेन्सिल घासली की संपलं.

पाकिटावरचा मजकूर आधी लिहा, चिठ्ठी मग आत घाला, नाहीतर तुमच्याच पेनाचा दाब तिच्यावर उमटेल. स्टेपल, लॅमिनेशन, नवी घडी नको. बोटांचे ठसेही हवे असतील तर अक्षर आणि दाब आधी तपासा, निनहायड्रिन (ठसे उठवणारं रसायन) शेवटी. त्याच्या द्रावणाने शाई पसरू शकते.

तुलनेला मयताचं रोजच्या व्यवहारातलं लेखन हवं: रजेचे अर्ज, बँकेचे फॉर्म, उत्तरपत्रिका, हिशेबाची वही. मूळ प्रतीच, चिठ्ठीच्या आसपासच्या काळातल्या, आणि देवनागरीतल्या. इंग्रजी सह्या पाठवून मराठी मजकुरावर मत मागितलं तर ‘मत देता येत नाही’ हेच उत्तर येणार, आणि ते बरोबरच आहे. झेरॉक्सवर दाब दिसत नाही, पेन कुठे उचललं तेही नीट कळत नाही. कागद शक्यतो बँक किंवा कार्यालयातून पंचनाम्याने घ्या. वाद घालणाऱ्या नातेवाइकांनीच वही आणून दिली तर ती कोणाची, हाच प्रश्न कोर्टात पहिला.

तुलनेत शिरोरेषा अक्षरागणिक आहे की शब्द झाल्यावर एकदम, ‘भ’ची गाठ कशी वळते, अनुस्वार कुठे पडतो, हे पाहतात. अक्षर कापरं आहे एवढ्यावरून बनावट म्हणू नये. मनावरच्या ताणानेही हात कापतो. संथ, चितारल्यासारखी रेघ, नको तिथे पेन उचललेलं आणि मागाहून गिरवलेलं, हे एकत्र दिसलं तर शंका घ्या.

न्यायवैद्यक_एमडी:
अक्षर मयताचं निघालं तरी मृत्यू आत्महत्येचाच, असं त्यावरून ठरत नाही. जखमा, घटनास्थळ आणि मृत्यूची वेळ यांच्याशी मेळ बसायला हवा. उलट, बऱ्याच आत्महत्यांत चिठ्ठी नसतेच. शवविच्छेदनाच्या (पीएम) वेळी खिशात कागद सापडला तर ओला असताना उलगडू नये. सावलीत वाळवून कागदी पाकिटात सील करा, अहवालात कपड्यांच्या रकान्यात नोंद घ्या, पोलिसांची पोच घ्या. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते.

कोर्टपक्षी:
नाव आहे म्हणून 108 आपोआप लागत नाही. चिथावणी किंवा मदत दाखवावी लागते. 2005 च्या नेताई दत्ता प्रकरणात चिठ्ठीत नाव असूनही सर्वोच्च न्यायालयाने कारवाई रद्द केली. चिठ्ठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 26 खाली ग्राह्य धरता येते, पण ती मयताने लिहिली हे आधी सिद्ध व्हावं लागतं. दुसऱ्या कुणाच्या अक्षराचा संशय असेल तर नमुना बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 349 खाली मॅजिस्ट्रेटच्या आदेशाने घ्या. मजकूर तोंडी सांगून लिहवून घ्या, चिठ्ठी समोर ठेवू नका. मजकूर मोबाइलवर असेल तर साक्ष अधिनियमाच्या कलम 63(4) चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र विसरू नका.

नवा_तपासी:
वही खोलीतच राहिली आहे. आता वेगळा जप्ती पंचनामा चालेल?

कोर्टपक्षी:
चालेल, पण आजच करा. मधल्या काळात खोलीची किल्ली कोणाकडे होती ते पंचनाम्यात लिहा आणि त्याचा जबाब घ्या. जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरणही करा, बीएनएसएस 105 प्रमाणे.