ड्राय कॅबिनेट किती वर सेट करायचं? रात्री आकडा वर का जातो?

मीनल_गोरेगाव
नमस्कार मंडळी. लेन्सना फंगस लागू नये म्हणून पावसाच्या तोंडावर इलेक्ट्रॉनिक ड्राय कॅबिनेट घेतलंय, ५० लिटरचं. आत दोन बॉडी, चार लेन्स, बाबांचा जुना फिल्म कॅमेरा त्याच्या लेदर केससकट, आणि निगेटिव्हचं एक जाड पाकीट आहे. आतल्या आर्द्रतेचं सेटिंग ४५ टक्के ठेवलंय, दिवसभर ४४-४६ दाखवतं, पण रात्री झोपायच्या आधी बघावं तर ५५, कधी ५८ सुद्धा, आणि सकाळी उशिरा परत खाली. पीस खराब आलाय का? दुकानदार म्हणाला ३५ वर ठेवा काही टेन्शन नाही, यूट्यूबवर एक जण सांगतोय ५० च्या खाली नेलंत तर लेन्सचं ग्रीस सुकणार. कोणाचं ऐकायचं? आत सिलिका जेलच्या पुड्या पण टाकू का? आणि दिवाळीनंतर बंद करून ठेवलं तर चालेल ना, घरात आत्ताच "चोवीस तास अजून एक प्लग कशाला" सुरू झालंय.

दादरचा_बंड्या
४५ बरोबर आहे, तिथेच राहू दे. ४० ते ५० मध्ये कुठेही असलं तरी लेन्सला काही होत नाही, लोक उगाच एकेका टक्क्यावर भांडतात. पुड्या नकोत.

फिल्मवाले_काका
मीनलताई, कॅबिनेट बेडरूममध्ये आहे का आणि रात्री एसी लावता का? मला वाटतं तुमचं उत्तर तिथेच आहे. डिस्प्लेवरचा आकडा म्हणजे आत पाणी किती आहे ते नव्हे, त्या तापमानाला हवा जेवढी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के आहे ते. गार हवा कमी वाफ धरते, म्हणजे आतली वाफ तेवढीच राहिली आणि हवा नुसती गार झाली तरी टक्का चढतो. ३० अंशाला ४५ टक्के असलेली हवा बंद डब्यात २५ अंशावर आणलीत तर तीच हवा ६० च्या आसपास दाखवेल, थेंबभर पाणी आत गेलेलं नसताना. मशीन मग हळूहळू ते खाली ओढतं, आणि सकाळी एसी बंद झाला, खोली तापली की आकडा आणखी उतरतो. पीस खराब वगैरे काही नाही. फंगसला लागते सतत ६०-६५ च्या वरची ओल, तीही दिवसच्या दिवस, रात्री चार तास ५७ झालं म्हणून कोणी लेन्सवर उगवत नाही.

दुसरं एक कारण असू शकतं. काही मॉडेलमध्ये आत ओलावा शोषणारे दाणे असतात आणि ते भरले की युनिट बाहेरच्या बाजूची झडप उघडून त्यांना तापवतं, ओल बाहेर टाकतं, तेवढा वेळ आतलं सुकवणं थांबतं आणि आकडा दोन-चार टक्के वर जातो. मागची बाजू अधूनमधून चांगली गरम लागत असेल तर तुमचं हे मॉडेल. दुसरा प्रकार पेल्टियरचा, त्यात विजेने एक पत्रा गार होतो, त्यावर पाणी धरतं आणि वातीवाटे बाहेर जाऊन उडून जातं. दोन्हीला मागे हवा लागते, तेव्हा भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटं तरी जागा सोडा. त्यात जुलैत बाहेरच्या भिंतीला ओल आली असेल तर बघायलाच नको.

आणि लेदर केस आजच बाहेर काढा. चामडं, फोम, कापडी पट्टे, पुठ्ठ्याचे खोके, हे सगळं ओल पिऊन बसलेलं असतं, मशीनचा अर्धा जीव त्यांनाच सुकवण्यात जातो आणि जुन्या चामड्यावर बुरशी आधीपासून असते ती वेगळीच. कॅमेरा उघडा ठेवा, लेन्सच्या मागच्या-पुढच्या टोप्याही सैल ठेवल्या तर उत्तम.

अंधेरी_सोल्डर
३५ वर माझं थोडं वेगळं मत. आमच्या कारखान्यात चिप ठेवायला ड्राय कॅबिनेट आहे ते ५ टक्क्यांच्या खाली चालतं, कारण ओल शिरलेली चिप सोल्डरिंगच्या भट्टीत गेली की आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटते. लेव्हल ३ चा पार्ट (चिप ओलीला किती नाजूक त्याची ही श्रेणी) पाकिटातून काढला की ३० अंश आणि ६० टक्क्यांत त्याला सोल्डर होईपर्यंत १६८ तासच मिळतात, म्हणून एवढा कोरडेपणा. कॅमेऱ्याला असली काही भट्टी नाही! त्यामुळे "जितकं कोरडं तितकं चांगलं" हे डोक्यातून काढा. पण ३५ झालं म्हणून ग्रीस लगेच सुकतं हेही मला पटत नाही. वर्षानुवर्षं २०-२५ वर ठेवलंत तर रबर ग्रिप आणि चामड्याचं आवरण कडक होईल, ते खरं.

त्याआधी तुमचा मीटर खरं बोलतोय का ते बघा. या डिस्प्लेत पाच टक्क्यांचा फरक सहज असतो. लॅमिंग्टन रोडवर छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचा मीटर) मिळतो तो घ्या, बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंब थेंब पाणी घालून लगदा करा (विरघळवायचं नाही, मीठ दिसत राहिलं पाहिजे), झाकण आणि मीटर एका झिपलॉक पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं तर तो पाच कमी सांगतोय असं धरून चाला. मग तो मीटर कॅबिनेटमध्ये ठेवून तुलना करा. मिठाचा प्रयोग कॅबिनेटच्या आत करू नका, प्लीज.

दादरचा_बंड्या
पुड्या नकोत म्हटलं त्याचं कारण सांगायचं राहिलं. खोलीत उघड्या पडलेल्या पुड्या आपल्या पापडासारख्या सादळलेल्या असतात, त्या ४५ च्या कपाटात टाकल्या की उलट आत ओल सोडणार. नारंगी दाणे हिरवे झाले असतील (निळे असतील तर गुलाबी) तर समजायचं भरलेत. ओव्हनमध्ये १२० अंशाच्या आसपास दोन-तीन तास भाजून घ्या आणि प्रवासात कॅमेऱ्याच्या पिशवीत वापरा, तिथे कामाचे आहेत.

मीनल_गोरेगाव
काका बरोबर! बेडरूममध्येच आहे आणि एसीच्या समोरच. हॉलमध्ये हलवते. लेदर केस काढली, कुबट वास होताच तिला, आता तिचं काय करू? आणि रविवारी पहाटे शूटला निघताना लेन्स बाहेर काढली की पाच मिनिटं नुसतं धुकं असतं काचेवर, हे पण कॅबिनेटमुळे का?

फिल्मवाले_काका
कॅबिनेटमुळे नाही, एसीमुळेच. ऐन पावसाळ्यात आपल्याकडे बाहेरच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन धरते तो) २५ अंशाच्या आसपास असतो आणि २३-२४ अंशाची लेन्स त्या हवेत नेली की त्यावर पाणी धरणारच. पुसत बसू नका. निघायच्या आधी एसीच्या खोलीतच बॅगेची चेन लावा, बाहेर अर्धा तास बॅग बंद राहू द्या, मग काढा. परत आल्यावर उलटं, ओला कॅमेरा थेट कपाटात कोंबू नका, आधी पुसून पंख्याखाली. आणि दार पुन्हा पुन्हा उघडू नका, प्रत्येक वेळी खोलीतली सगळी दमट हवा आत जाते आणि परत ४५ व्हायला तासन् तास लागतात. नवीन सामान ठेवल्यावर तर पहिले काही दिवस आकडा जास्तच राहतो.

केस उन्हात दोन दिवस, मग कोरड्या फडक्याने पुसून कपाटाबाहेरच.

अंधेरी_सोल्डर
दिवाळीनंतर बंद करायचं म्हणताय ते नका करू. मुंबईची थंडी म्हणजे दुपारी कोरडं वाटतं, पहाटे परत ७० च्या आसपास. बिलाचं म्हणाल तर छोट्या कॅबिनेटचे सतत १० वॉट धरले तरी महिन्याला सात युनिटच्या आसपास होतात. घरी हे सांगा, एसीचे किती होतात तेही सांगा.

फिल्मवाले_काका
निगेटिव्हचं राहिलं. फिल्मला ३०-४० जास्त मानवतं, पण ४५ ने लगेच काही बिघडत नाही, एकाच कपाटात असेल तर लेन्ससोबत ४० वर आणा म्हणजे दोघांचं जमेल. त्याआधी पाकीट उघडून नाकाशी धरा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती अ‍ॅसिटेटची फिल्म सडायला लागली आहे आणि तो वायू बंद जागेत बाकीच्या चांगल्या फिल्मलाही लावतो, तेव्हा ती कपाटात नकोच. वेगळ्या डब्यात ठेवा आणि आधी त्यांचंच स्कॅनिंग करून घ्या. वास नसेल तर जुन्या पीव्हीसीच्या कव्हरमधून काढून पॉलीप्रॉपिलीनच्या स्लीव्हमध्ये घाला. बोरा बाजारात कॅमेऱ्यांच्या दुकानांत विचारून बघा, नाही मिळाले तर ऑनलाइन मिळतील.