रात्री दोनची बाटली: आधीच बनवून ठेवू का?

बाळ दीड महिन्याचं. मला दूध पुरत नाही, म्हणून डॉक्टरांनी पावडर सुरू केलीय. पाणी उकळेपर्यंत तो रडून लालबुंद होतो, अख्खी चाळ जागी होते. झोपतानाच बाटली बनवून उशाशी ठेवली तर?

> उशाशी नको गं! बनवलेलं दूध 2 तासांत संपवायचं, उष्टं लगेच ओतून द्यायचं. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी निदान 70 अंश हवं. मी झोपताना उकळतं पाणी चांगल्या थर्मासात काठोकाठ भरायचे. आधी पाणी, मग सपाट चमचे. नळाखाली बाटली फिरवून गार करायची, दोन थेंब मनगटावर.

> फ्रिज असेल तर बनवून लगेच गार करून आत ठेव, 24 तासांत वापर. दारात नको, मागच्या बाजूला.

ताई, काल थर्मास भरला. पाच मिनिटांत बाटली तयार, शेजारच्या काकूंनाही जाग आली नाही.